हाताची उलटी बाजू

हमीदचाचा कुठलाही बल्ब लावला की आधी त्याच्याखाली हाताची उलटी बाजू धरायचे, डोळे मिटायचे आणि मगच बोलायचे. "तळहात राबून राबून मेलाय, पोरी. ही बाजू खोटं बोलत न्हाय."

शेळगावात त्यांची कोंबड्यांची शेड, बारामतीत मंडईमागं पिल्लांचं दुकान. मी सातवीत शाळा सोडलेली, वाशीमकडून इथं एका डॉक्टरबाईंच्या बंगल्यात कामाला आलेली. त्या डिसेंबरात बाई पंधरा दिवस परगावी गेल्या आणि मुलाचा लाडका सरडा माझ्यावर सोपवला. गोट्या. हातभर लांब, काटेरी, ऑस्ट्रेलियाच्या जातीचा, काचेच्या पेटीत राहणारा.

चौथ्या दिवशी पेटीतला बल्ब उडाला. मी किराणा दुकानातून एलईडी आणून लावला. लख्ख उजेड पडला, माझा जीव भांड्यात पडला. दोन दिवसांनी बघते तर गोट्या काळसर, गार, डोळे मिटलेले. मी त्याला माझी शाल गुंडाळली. काही फरक नाही. हा मेला तर मला घरी पाठवणार, आणि घरी तर माझं लग्न ठरवूनच बसले होते.

पेटीत आधी होता तसला जुना पिवळा बल्ब अख्ख्या पेठेत मिळेना. शेवटी चाचांच्या दुकानात पिल्लांवर एक जळताना दिसला. मी सगळं सांगितलं.

"शाल कशाला घातलीस?"

"थंडी वाजत असेल म्हणून."

"शाल ऊब धरती, करत न्हाय. तुझ्या अंगात चूल हाय, त्याच्या न्हाय. दगडाला गोधडी घातली तर तापतोय व्हय?"

बल्ब घेऊन ते स्वतःच आले. एलईडीखाली हात धरला आणि हसले. "ह्यो नुसता दिवाळीचा. उजेड हाय, ऊब न्हाय." पिवळा बल्ब त्यांनी पेटीच्या एकाच टोकाला टांगला, आधी उंच, मग हातानं अंदाज घेत थोडा थोडा खाली. सगळी पेटी तापवा म्हटलं तर माझ्यावरच डाफरले. "दुसरं टोक गारच राहू दे. जास्त झालं तर त्यानं जायचं कुठं? पिल्लांचंबी तेच. ती कुठं बसत्यात ते बघत राहायचं."

तासभर बघत राहिलो. गोट्याने एक डोळा उघडला. मग सरपटत बल्बखाली गेला आणि भाकरीसारखा चपटा पसरला. मी टाळ्या पिटत उठले.

"नाचू नगंस, पेटी हलती," चाचा म्हणाले. "आता बाईंना फोन लाव. एलईडीचंबी सांग."

सांगितलं. बाई रागावल्या, मग चाचांच्या दुकानाचा पत्ता विचारला. मी कामावर राहिले. पुढं पाच हिवाळे पहिली थंडी पडली की चाचा येऊन पेटीत हात घालून जायचे, आणि नंतर नंतर मलाच बल्बखाली हात धरायला लावून विचारायचे, "काय म्हणतोय?"

या उन्हाळ्यात चाचा गेले. काल त्यांच्या सुनेचा, शबानाचा फोन आला. "उद्या पिल्लं यायलीत. बल्ब किती उंच बांधायचा, जो तो वेगळंच सांगतोय. अब्बा म्हणायचे, बारामतीच्या पोरीला विचार."

शेळगावच्या एसटीत बसले आहे. खिडकी लागत नाही, वारं बोचतंय. उजवा हात ओढणीत गुंडाळून काखेत धरलाय. पोचेपर्यंत तो गार पडून चालणार नाही.