स्वयंपाकघरातला नळ

आमच्याकडे येणारा प्लंबर पिशवी उघडण्याआधी स्वयंपाकघरात शिरतो, चहाच्या पातेल्याचा तळ नखाने खरवडतो आणि ती पांढरी पूड बोटांत चोळत विचारतो, “डाळ शिजता मां गो?”

बोअर मारल्यापासून आमची डाळ शिजत नव्हती, साबणालाही फेस येत नव्हता. शेवटी मी पाणी मऊ करणारं मशीन आणलं. ते त्यानेच बसवलं, खाली मान घालून, स्वतःशीच “बगूया, बगूया” पुटपुटत.

बाथरूममध्ये साबण छान फेसाळला. पातेल्यात मात्र चार दिवसांत पुन्हा पांढरा थर! पाहते तर स्वयंपाकघरातला नळ त्याने मशीनला जोडलाच नव्हता. मी फोन करून त्याच्यावर चांगलीच तडकले.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मुद्दाम सोडलंय. त्या मशीनीच्या पाण्यात मिठाचो अंश येता. खिडकेत आवशीच्यो प्रेशरच्यो गोळ्यो दिसल्यो माका. डाळीक पाणी उकळून, निवळून घे.”

त्या गोळ्या रोज सकाळी आईला मीच काढून देते.