एका कॉम्प्युटरला दोन अँटिव्हायरस

माझ्या दिराचं नांदूरघाटला ऑनलाइन सेंटर आहे. मी सातवी शिकलेली. तिथं झेरॉक्स काढते, लोकांना नंबरानं बसवते. तिथल्या गोष्टी इतक्या साठल्यात की घरी सांगायला बसलं तर भाकरी करपते. पण ह्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर बिघडला, तेव्हाच्या गोष्टी आठवल्या तरी अजून डोकं तापतं. कारण माझ्या ईश्वरीचा पहिलीचा फॉर्म त्यातच अडकला होता. केजच्या चांगल्या शाळेतली फुकटची जागा, अन् शेवटची तारीख तोंडावर आलेली!

*

फॉर्म अर्धा भरला की पडदा निळा व्हायचा अन् कॉम्प्युटर आपोआप बंद. पहिल्याच दिवशी भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमी झाडताना वायर हलली असंल."

मी दुसऱ्या दिवशी झाडू हातातच धरला नाही. तरी बंद पडला.

भाऊजी म्हणाले, "आज झाडलं न्हाई ना, धूळ गेली आत."

*

मग केजहून भाऊजींचा मेहुणा आला. त्यानं पूर्वी स्वतःच टाकलेला अँटिव्हायरस तपासला, म्हणाला एकदम ठणठणीत आहे. चहा पिऊन गेला. त्याची गाडी फाट्यावर पोचली नसेल, तोवर पडदा निळा!

तेवढ्यात आमच्या गावचे पुढारी तात्या आले. त्यांच्या पुतण्याचं वडवणीला कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यांनी पुतण्याला बोलावून दुसरा अँटिव्हायरस टाकून घेतला. पहिला काढायचा का, असं पुतण्यानं विचारलं, तर भाऊजी घाईघाईनं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. राखणीला दोघं असले तर बरंच की."

तेव्हापासून कॉम्प्युटर दिवसातून दहादा बंद पडायला लागला.

*

नव्या अँटिव्हायरसनं पहिली कारवाई कुणावर करावी? ईश्वरीच्या जन्मदाखल्याची फाईल धोकादायक म्हणून कोंडून ठेवली! पडद्यावर लाल खूण. भाऊजींनी वाचून दाखवलं. अंधार पडला की माझा पदर न सोडणारी लेक, अन् ही धोकादायक?

"भाऊजी, सोडवा तिला," मी म्हणाले.

"नवा सोडतोय, वहिनी. पयला परत धरतोय."

*

मी तात्यांना सेंटरवरच गाठलं. मी म्हणाले, पोरीचं वर्ष वाया जाईल, तुमच्या शब्दाला वजन आहे. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मिशीवरून हात फिरवला.

"हा व्हायरस ऐकतच न्हाई म्हणता?"

"न्हाई ऐकत."

"मग त्याची बदलीच करतो."

लोक हसले. तात्या हसले नाहीत. फोन काढून बाहेर गेले.

*

शेवटच्या दिवशी मेहुणा फोनवर म्हणाला, दोन्ही अँटिव्हायरस एकमेकांना चोर समजून भांडत असतील, एक काढून बघा. झालं! आता काढायचा कुणाचा? मेहुण्याचा काढला तर भाऊजींच्या सासरी बोलाचाली. पुतण्याचा काढला तर तात्यांशी वाकडं. भाऊजींनी दुपारी दोघांनाही चहाला बोलावलं.

मेहुणा म्हणाला, आमचा काढा. पुतण्या म्हणाला, छे, आमचा काढा. पाहुण्यांचा मान मोडत नाही, कुणी माऊसला हात लावत नाही. चहा दोनदा झाला. साइट संध्याकाळी बंद होणार, अन् हे एकमेकांना पान देतायत!

मी ईश्वरीला उचलून कीबोर्डशेजारी बसवलं. "हिची शाळा बुडली तर ही वर्षभर तुमा दोघांच्या घरी आळीपाळीनं ऱ्हाईल. आपापला काढा अन् मानानं जावा."

दोघांनी निमूट आपापला काढला. मशीन चालू झालं. जन्मदाखला पुन्हा स्कॅन केला, फॉर्म गेला, पावती निघाली. ती मी पोलक्यात ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी तात्या आले. "गेला का व्हायरस?"

मी अजून घुश्शातच होते. "गेला, तात्या. तुमी बदली केली ना?"

"कुठं दिली म्हणायची?"

तोंडाला आलं ते मी बोलून गेले, "वडवणीला."

तात्यांनी समाधानानं मान हलवली, खुर्ची ओढून बसले. चहा यायच्या आतच पुतण्याचा फोन आला. त्याच्या दुकानातला कॉम्प्युटर सकाळपासून निळा पडून बंद होत होता.

तात्यांनी फोन खाली ठेवला अन् सगळ्यांकडं बघितलं.

"रुजूबी झाला."