कॅलेंडरमागची भेग

काल कपाट उघडलं आणि ओलीचा तो कुबट वास नाकात शिरला. एका क्षणात मी लातुरातल्या त्या खोलीत पोचले.

भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती. बारावीच्या क्लाससाठी मी निलंग्याहून आलेली. चौघींत एक खोली, माझ्या वाट्याला भिंतीतलं कपाट. पावसाळ्यात माझ्या एकुलत्या एक नव्या ड्रेसवर काळी बुरशी चढली. घरमालकीण काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वल्ले कपडे कोंबतीस अन् कपाटाला नावं ठेवतीस? खेड्यातल्या पोरींना वळणच न्हाई."

नंतर कपाट पुसताना, आत खिळ्यांनी ठोकलेलं जुनं कॅलेंडर उचलून पाहिलं. मागे हातभर भेग होती, भूकंपातली. तिच्यातूनच पाणी झिरपत होतं.

रविवारी मुरुडचे एक गुरुजी मुलीला घेऊन खोली बघायला आले. काकू म्हणाल्या, "घर लई मजबूत हाय." मी कपाट उघडलं आणि त्यांच्यादेखत कॅलेंडर ओढून काढलं. भूकंपानंतरच्या त्या वर्षांत भेग दिसली की माणूस छपराखाली थांबत नसे. गुरुजींनी मुलीचा हात धरला आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले. काकूंचं तोंड पांढरंफटक पडलं.

ते तोंड आठवलं की अजून बरं वाटतं.

आता माझ्या घरात क्लासच्या मुली राहतात. पावसाळ्यात त्यांच्या कपाटांच्या भिंती मी स्वतः चाचपते, ओल शोषायला आत वाटीत चुन्याचे खडे ठेवते. पोरी म्हणतात, "काकू लई जीव लावतात."

म्हणू देत. कॅलेंडर ओढताना ओढणारीला किती गोड वाटतं, ते मला ठाऊक आहे.