सिंगरची आजी

दुकानात पाय ठेवला की ती आधी डावा हात कानावर ठेवायची आणि उजव्या हाताने मला खूण करायची, ते मशीन बंद कर.

पहिल्या वेळी मला वाटलं, म्हातारीला कमी ऐकू येत असणार. म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडून विचारलं, काय हवंय आजी? तिने माझ्याकडे दयेने पाहिलं.

"वरडतस कशाला? मना आयकू येतं. तुजी मशीन सुरात नाय."

फ्लेक्स छापायचं ते मशीन म्हणजे माझ्या दुकानाची शान. गिऱ्हाइकांनी त्याच्याबद्दल तोवर पुष्कळ तक्रारी केल्या होत्या. रंग फिका येतो, कडा तिरकी जाते. सुराची तक्रार पहिलीच. मी मुकाट्याने मशीन बंद केलं, आणि पुढची चार वर्षं ती आली की बंद करत राहिलो.

नेरूळ स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझं दुकान आहे. झेरॉक्स, बॅनर, लग्नपत्रिका. मी मूळचा साताऱ्याकडचा. दुकान टाकण्यापूर्वी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो, त्यामुळे दुसऱ्याच्या शब्दात चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. ही माझी खोड. म्हातारीने ती दुसऱ्या भेटीतच ओळखली आणि मला मास्तर म्हणायला लागली.

ती दुकानामागच्या गावातली. तुम्ही आमच्याकडे कधी आला असाल तर पाहिलं असेल, सेक्टरच्या सरळ रस्त्याने चालता चालता एकदम गल्ली अरुंद होते, घरं एकमेकांना टेकतात आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास येतो. समजायचं, गाव लागलं. तिथे मुलाच्या चार मजली घरात तळाच्या खोलीत ती राहायची. वरचे सगळे मजले भाडेकरूंना दिलेले. नवरा मिठागरात कामाला होता, तो केव्हाच गेला. मिठागरही गेलं.

ज्या दिवसाबद्दल मला अजून वाईट वाटतं, त्या दिवशी ती नातीचा बॅनर न्यायला आली होती. नात हळदीच्या कार्यक्रमांत गाते. हळदीच्या संध्याकाळी मांडवाबाहेर स्टेज घालतात, माणसाच्या उंचीचे स्पीकर लावतात, त्यात ही पोरगी माइक घेऊन उभी. आवाज खणखणीत. बॅनरवर तिचा फोटो आणि खाली लाल अक्षरं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. अक्षरांवर बोट ठेवून तिने विचारलं, हे काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं, सुप्रसिद्ध सिंगर.

"शिनगार?" ती म्हणाली. "तिचा कसला शिनगार? पावडर पन लावत नाय ती."

मला हसू आलं. शिनगार नव्हे आजी, सिंगर. इंग्रजी शब्द आहे. म्हणजे गाणारी.

"मंग मी पन सिंगर," ती म्हणाली.

इथे मी हो म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणाला असता. पण माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला. मी तिला समजावून सांगितलं की जो गातो तो प्रत्येक जण सिंगर नसतो. गणपतीत अख्खी सोसायटी आरती म्हणते, म्हणून सोसायटी काही सिंगर होत नाही. ज्याचं गाणं ऐकायला लोक मुद्दाम येतात, समोर बसतात, टाळ्या वाजवतात, तो सिंगर.

तिने बॅनरची गुंडाळी करायला घेतली.

"माज्या गान्याला कोन बसत नाय," ती म्हणाली. "सगली कामाला असतान."

मग बॅनरची गुंडाळी काखेत मारून निघून गेली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, त्यामुळे मीही विसरलो.

ती गाते म्हणजे काय करते, हे मला नातीकडून कळलं. म्हातारी धवलारीण होती. या गावांतल्या लग्नांत भटजी येण्याच्या आधीपासून धवलारणीचं काम सुरू होतं. मांडवाची मेढ रोवायची, हळद कुटायची, नवरीला न्हाऊ घालायचं, तर त्या त्या वेळी तिने त्या त्या कामाचा धवला म्हणायचा. धवला लांबच लांब असतो. तो संपेपर्यंत बाकीच्या बायकांनी कामाचे हात चालू ठेवायचे. पूर्वी तिच्यासोबत अजून दोघी होत्या, एकीने ओळ सोडली की दुसरीने उचलायची. त्या दोघीही गेल्या. गावात ही एकटी उरली होती, आणि तिलाही आता फारसं कोणी बोलवत नव्हतं.

एकदा गावातल्या एका हळदीला मला आमंत्रण होतं. बाहेर नातीचं गाणं रंगात आलेलं, माणसं खुर्च्यांवर उभी राहून नाचत होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर आतल्या खोलीत म्हातारी नवरीच्या पाटाशी बसून धवला म्हणत होती. स्पीकरच्या दणक्याने भिंतीवरचं घड्याळ थरथरत होतं. तिने डावा हात कानावर घट्ट दाबून धरला होता. बाहेरचा सूर आत येऊ नये आणि आपला सुटू नये म्हणून. ती सवय तिला कुठून लागली ते मला तेव्हा कळलं. माझ्या मशीनची घरघरही तिला त्या गलक्यासारखीच वाटत असणार.

आम्हा सगळ्यांच्या तोंडी तिचं नाव सिंगरची आजी असंच बसलं होतं. तिला ते आवडायचं. नातीच्या बॅनरसमोर उभी राहून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझी नात आहे, सिंगर आहे. मात्र माझी ती व्याख्या तिने मनात ठेवली होती. दुकानात आली की मला तपासायची. मासेवाली ओरडते ती सिंगर का? नाही. बाळाला निजवते ती आई सिंगर का? नाही, आजी. मग कोकिळा? मी म्हटलं, तिचंही गाणं ऐकायला कोणी तिकीट काढून येत नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "मी एकटी नाय."

ती हे हसत म्हणाली. मीही हसलो. आज आठवलं की हसू येत नाही.

नातीचं लग्न ठरायला लागलं तशी ती बदलली. दुकानात येऊन नुसतीच बसायची. एक दिवस तिने आपणहून सांगितलं की नातीला धवला येत नाही. शिकवायला बसवलं तर पोरगी दोन ओळी म्हणते, तेवढ्यात तिचा फोन वाजतो. पोरीचा दोष नाही, तिला कार्यक्रमांतून सवड कुठे आहे. पण लग्न होईपर्यंत आपण असू की नसू, आणि नसलो तर हिच्या हळदीला कोण म्हणणार, एवढीच तिची काळजी होती. मग तिने माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

"यात भर. सगला भर. मना नुसतं येवरंच पायजे."

अडचण एवढीच होती की घरात लग्न नसताना धवला म्हणायचा नसतो. त्यावरही तिनेच तोड काढली. कुणाच्या तरी तीनशे पत्रिका छापून तयार होत्या, पण न्यायला कोणी आलंच नव्हतं. तिने तो गठ्ठा पुढ्यात ओढला, त्यावर कनवटीची सुपारी ठेवली, चिमूटभर तांदूळ टाकले. लग्न नाही तर लग्नाची पत्रिका तरी आहे ना. ते नवराबायको कोण, कुठे असतात, मला माहीत नाही. पण त्यांच्या पत्रिकेला धवला लागलेला आहे, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवं.

मी मशीन बंद केलं, शटर अर्धं ओढलं आणि मोबाइल तिच्यासमोर ठेवला. तिने कानावर हात ठेवला आणि सुरुवात केली.

मला वाटलं होतं, काहीतरी लग्नाचं गोड गाणं असेल. ती तर आमंत्रण देत होती. आधी सूर्याला, मग चंद्राला, मग गावदेवीला, खाडीला, वेशीवरच्या वडाला. एकेकाला नावाने हाक मारायची, हळदीला ये म्हणायचं, आणि पुढच्याकडे जायचं. मी आयुष्यभर हेच तर छापत आलो होतो. ती एकेक नाव घेत होती आणि मला दिसत होतं, ही बाई माझ्याच धंद्यातली आहे.

खाडी झाली, वड झाला. तेवढ्यात फोन आला.

बॅनरच्या एका गिऱ्हाइकाचा होता, आडनावात ऱ्हस्व की दीर्घ एवढंच विचारायला. मी तो घेतला. घ्यायला नको होता, पण हात सवयीने गेला. बोलत बोलत मी पाठ फिरवून कोपऱ्यात गेलो. म्हातारी थांबली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणतच राहिली. मी फोन ठेवून परत आलो तेव्हा ती शेवटच्या ओळीवर होती.

फोन येताच मोबाइलमधलं रेकॉर्डिंग आपोआप बंद पडलं होतं. मी ओशाळून सांगितलं, आजी, अर्धंच भरलंय. तुम्ही थांबायचं होतं ना.

"धवला मधी तोराचा नसतं," ती म्हणाली. "तुज्या सिंगरचं गानं मधीच बंद केलं तरी चालतं. लोकं घरी जातान. माजा तुटला तं आमंतरान अर्दं रातं."

मी विचारलं, राहिलं ते कोणाचं? तर तिने सांगितलं, घरातल्या गेलेल्या माणसांचं. शेवटी त्यांना बोलवायचं असतं. सासू, सासरा, नवरा, एकेकाचं नाव घेऊन. देव काय, न बोलावता पण येतात. ही माणसं हाक मारल्याशिवाय येत नाहीत.

पुन्हा म्हणता का, असं मी विचारलं. ती दमली होती. गुरुवारी येते म्हणाली. तांदूळ वेचून पदरात बांधले, सुपारी परत कनवटीला लावली, आणि शटरखालून वाकून बाहेर पडली.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारी तिचा मुलगा आला, श्रद्धांजलीचा बॅनर करायला. बुधवारी रात्री झोपेतच गेली होती. मी फोटो लावला, नाव टाकलं. नावाखाली एक शब्द घालावा असं फार मनात होतं, पण मुलगा म्हणाला, बस, एवढंच. मी मशीन सुरू केलं. ते घरघरत राहिलं आणि मला ते पहिल्यांदाच बेसूर ऐकू आलं.

तिची आठवण मला फार येते, हे सरळच सांगतो. सख्खी आजी गेली तेव्हा मी इतका रिकामा झालो नव्हतो. अजूनही दुपारी कोणी पायरी चढलं की माझा हात आपोआप मशीनच्या बटणाकडे जातो.

पाच महिन्यांनी नात आली, स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायला. गावातल्या पत्रिकांवर तळाशी डीजेचं, ऑर्केस्ट्राचं नाव टाकायची पद्धत आहे. ती म्हणाली, "काका, तिथे आजीचं नाव टाका."

मी विचारलं, काय म्हणून टाकू?

"तुम्हीच सांगा ना. सिंगर लिहू?"

मी टाइप केलं. धवलारीण, आणि पुढे तिचं नाव. मग सवयीने नावाआधी कै. लावलं. पोरीने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"ते काढा. ती येणारे. तुमच्याकडे तिचा आवाज आहे ना? ती मला बोलली होती."

मी कै. काढलं. मग तिला खरं काय ते सांगितलं. कुठपर्यंत आहे, तिने विचारलं. वडापर्यंत, मी म्हटलं. पुढे गेलेल्या माणसांना बोलवायचं होतं, तिथे मला फोन आला. तिने मान खाली घातली. आता त्या गेलेल्यांत आजीही होती, हे आम्हा दोघांना एकदमच उमगलं असावं.

हळदीला मी गेलो. बाहेर स्टेज होतंच. तिच्या ऑर्केस्ट्रातल्या मुलांनी हौसेने घातलं होतं. आतल्या खोलीत नवरी पाटावर बसली होती. माझा मोबाइल तिने एका स्टीलच्या पातेल्यात ठेवायला लावला, म्हणजे आवाज घुमतो. मग खिडकीतून तिने उजव्या हाताने बाहेर खूण केली. स्पीकर बंद झाले.

पातेल्यातून म्हातारीचा आवाज यायला लागला. बायका हळद लावायला लागल्या. सूर्य आला, चंद्र आला, गावदेवी, खाडी, वड. आणि मला ठाऊक होतं तिथे तो तुटला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पुढचं कोणालाच येत नव्हतं. मी दारात उभा होतो, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

नवरीने हळदीने माखलेला डावा हात कानावर ठेवला. बाहेर सगळं शांत होतं, तरी ठेवला. आणि त्याच चालीत तिने आजीला नावाने हाक मारली. पुढचे शब्द तिला येत नव्हते, म्हणून पुन्हा तेच नाव, आणि ये हळदीला. मग आजोबांचं नाव. मग पुन्हा आजीचं. आवाज दोनदा फाटला, पण ती थांबली नाही.

समोर कोणी बसलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. बायकांचे हात हळदीत चालू होते. सगळ्या कामाला होत्या.