मानीबाईचा ढावलो

मानीबाई हसली की गल्लीभर कळायचं, आणि चिडली की ज्याच्यावर चिडली त्यालासुद्धा कळायचं नाही. बाई घाटंजीकडच्या तांड्यातली. नवरा लखीराम लोहारा गावच्या एका सूतगिरणीत रातपाळीवर लागला, तशी त्याच्यामागं भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. सकाळी लखीराम यायचा, भाकर खायचा आणि आडवा व्हायचा. इथपर्यंत सगळं झकास!

पण वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे भगवानराव आणि विजयमालाबाई, महागावकडचे शेतीवाले. पोरगा अमर शिकून घरी बसलेला. दुपार झाली की त्याचा व्यायाम सुरू. लोखंडी डंबेल उचलायचं आणि द्यायचं सोडून. धाड! खालचा पंखा थरथरायचा, लखीराम दचकून उठून बसायचा. असं करता करता एकदा गिरणीत त्याचा उभ्या उभ्या डोळा लागला. बाजूच्या गड्यानं मागं ओढलं म्हणून हात वाचला, मशीननं नुसती बाही नेली.

तो बिनबाहीचा सदरा घेऊन मानीबाई जिना चढली.

"वहिनी, दुपारचं तेवढं थांबवा ना. झोप नाही झाली तं हात जाईन माह्या माणसाचा."

"आमच्या घरात आमच्या पोरानं हातपायबी हालवू नाही का?" विजयमालाबाई म्हणाल्या. "सोसत नसन तं तांड्यात राहा. इथं कायले आले?"

"बरं वहिनी," मानीबाई म्हणाली. एवढ्या गोड 'बरं'ला भ्यायला पाहिजे होतं, पण विजयमालाबाईंना काय ठाऊक!

पुढं कळलं की रविवारी मुलीकडचे लोक अमरचं घर पाहायला येणार. विजयमालाबाईंनीच गल्लीभर सांगितलं. मानीबाईनं लगेच आपल्या बहिणींना फोन लावला. "जमनी, लई दिस झाले वं भेटून. सुखीबाईले घे अन् रविवारीच ये."

आता गोर, म्हणजे बंजारा, बायकांची भेटायची रीत अशी, की बहीण बहिणीला खूप दिवसांनी भेटली की दोघी गळ्यात पडून सुरात रडतात. माहेर, मेलेली आई, सरलेले दिवस, सगळं त्या रडण्यात येतं. त्याला म्हणतात ढावलो. आणि मानीबाईचा गळा असा, की तांड्याच्या या टोकाला तिनं सूर लावला की त्या टोकाच्या म्हशी कान टवकारायच्या.

पाहुण्यांची गाडी फाटकाशी थांबली, आणि त्याच घडीला मानीबाई ओट्यावर जमनीच्या गळ्यात पडली. काय तो सूर! मुलीच्या बापानं एक पाय खाली ठेवला होता, तो परत आत घेतला. "मयत झालेलं दिसते. अशा दारात सोयरीक बोलाची नाही. चाला."

विजयमालाबाई धावत खाली आल्या. "कोण गेलं वं?"

"कोणी नाही गेलं वहिनी. बहीण आली."

"मंग रडता काहून?"

"आनंद झाला ना!"

"अन् मी तं अजून भेटलीच नाही," सुखीबाई म्हणाली आणि तिनं हात पसरले.

"हात जोडते माय! त्याइले सांग कोणी मेलं नाही. उद्यापासून डंबेल बंद." विजयमालाबाईंनी दारातून आत पाहिलं. लखीराम गाढ झोपलेला! "हे एवढ्या कल्लोळात झोपले?"

"आईच्या मांडीवर हेच ऐकून झोपलेला माणूस हाय. लोखंडाची सवय नाही त्याले."

डोळे पुसून मानीबाई हसत हसत गाडीपाशी गेली. सगळं समजावलं. पाहुणे उतरले. मुलीच्या आईनं तिला हळूच बाजूला घेतलं, शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पोरगी कोण देते?

"पोरगा कसा हाय?"

"सोनं! बिडी नाही, दारू नाही. मायले सोडून कुठी जात नाही. कामाले तं नाहीच नाही. जेवला की लोखंड उचलते, थकला की झोपते. तुमच्या पोरीले करमीन बघा, नवरा दिवसभर डोयापुढं!"

पाहुण्यांनी वर जाऊन चहा घेतला, पोह्यांना हात लावला नाही. निरोप काही आला नाही. का आला नाही, ते भगवानरावांच्या कानावर गेलं, पण भांडावं तर एक शब्द खोटा नव्हता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी अमरला महागावच्या एसटीत बसवलं, सोयाबीनच्या डवरणीला.

विजयमालाबाई आता जिन्यात तोंड फिरवून जातात. मानीबाई मात्र दारात बसून दर वेळी विचारते, "अमरचं जमलं का वं कुठी, वहिनी?" विचारते अगदी हळू. आत लखीराम झोपलेला असतो.