कातळ तोच, बूट तसलेच

मंडळी, आज सकाळी अजिंक्यताऱ्यावर काय झालं ते तुमच्या कानावर आलंच असेल. तरी नीट लिहून हा कागद आपल्या तालमीच्या फळ्यावर लावतो आहे.

लढाईवरून परतलेला आपला शंकर पलटणीतले खिळे मारलेले बूट घालून गड चढत होता. ओल्या कातळावर खिळे सरकले आणि तो खाली आपटला. पाय मोडला. आम्ही त्याला झोळीत घालून हाडवैद्याकडे आणलं.

तिथे जो तो म्हणत होता, कातळच निसरडा, वाटच वाईट, शंकर तरी काय करणार?

वैद्य पायाला कांबट्या बांधत होता. शंकर कळवळत म्हणाला, "गेल्या म्हयन्यात सांगलीचं ते पोरगं हितंच पडलं, असल्याच बुटांत. तवा तुमी काय म्हनला व्हता रं?"

बूट मिरवायला आला होता, बरी जिरली, असं म्हणालो होतो. याच फळ्यावर ते लिहिलंही होतं, आणि येणारा-जाणारा वाचून हसत होता.

आता शंकरलाही हसा, असं माझं म्हणणं नाही. ओल्या कातळावर खिळ्यांचे बूट नकोत, हे त्याला सांगायलाच हवं. पण ते सांगताना आपण त्याच्या घरी जेवणाचा डबाही पोचवणार आहोत.

आम्ही निघालो तेव्हा शंकरनं विचारलं, "त्या पोराचं हाड जुळलं का?"

कुणालाच माहीत नव्हतं. मंडळी, त्याचं नाव तरी कुणी विचारलं होतं का?