कोकरे आप्पांची रविवारची शाळा

शिरूर कोर्टात आमच्या पिढीचे दोन वकील चहाला बसले, की कप रिकामा व्हायच्या आत कोकरे आप्पांचा किस्सा निघतोच. प्रत्येकाकडे वेगळा! मी न्हावऱ्याची. नव्वदच्या दशकात सनद घेऊन आप्पांकडे ज्युनिअर म्हणून आले, त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच.

आप्पा मेंढरं राखणाऱ्या घरातले पहिले वकील. आपल्याला शिकवायला कुणी नव्हतं, ही त्यांची खंत. म्हणून एका रविवारी शिरूर कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, म्हणजे बाररूममध्ये, नव्या वकिलांना शिकवायचे, पुढच्या रविवारी एसटीनं दौंडला जाऊन लॉच्या मुलांना. फुकट! वर चहाही त्यांचाच.

*

माझी पहिली केस. पक्षकार आप्पांना म्हणाला, "केस तुम्हीच चालवा. बाईमाणूस नको."

"चालवतो की," आप्पा म्हणाले. "पण मी सगळं ह्यांनाच विचारून करतो. तुम्ही थेट ह्यांच्याकडं गेलात तर माझा हेलपाटा वाचंल!"

तो गडी पुढं कायम माझ्याकडंच येत राहिला.

*

उलटतपास शिकवताना आप्पा स्वतः साक्षीदार व्हायचे. एकदा कवठे येमाईचा म्हातारा झाले. आमच्यातल्या एकानं जोरात सुरुवात केली.

"मामा, त्या वेळी अंधार होता?"

"व्हय. अमुशाच हुती."

"चेहरा दिसत नव्हता?"

"न्हाई बा."

इथं थांबायचं! पण गडी रंगात आला. "मग हाच माणूस होता, हे कशावरून?"

"त्यानं हाक मारली की! 'मामा, मी हाय, वाईच सरका' म्हणला!"

बाररूम हसून लोटपोट. आप्पा मात्र गंभीर. "शेवटचा प्रश्न खिशात ठेवायचा असतो, वकीलसाहेब."

*

दौंडच्या वर्गाला कधी कधी मीही आप्पांबरोबर जायचे. तिथं एक जण रेल्वेत नोकरीला. ड्यूटी करून थेट वर्गात यायचा आणि बाकावर डोकं टेकलं की झोपायचा. कुणीतरी त्याला हलवायला गेलं, तर आप्पांनी हातानंच थांबवलं आणि उरलेला सगळा तास कुजबुजत घेतला.

इतका शांत वर्ग मी पुन्हा पाहिला नाही!

*

केडगावची सुनंदा हुशार, पण बोलताना अडखळायची. एलएल.बी. पास झाली आणि म्हणाली, "आप्पा, मी कोर्टात उभी न्हाई राहायची. लोक हसतील."

तेव्हा आमच्या कोर्टात साक्ष न्यायाधीश स्वतःच्या हातानं लिहून घ्यायचे. आप्पा म्हणाले, "पोरी, आमी धडाधडा बोलतो आन् साहेबांचा हात मोडतो. तू अडखळलीस की त्यांना लिहायला वेळ मिळंल. उभी तर राहा!"

ती उभी राहिली. अडखळत का होईना, साक्षीदाराची तपासणी पुरी केली. थोड्याच दिवसांत न्यायाधीश भर कोर्टात एका नामांकित वकिलाला म्हणाले, "जरा त्या मॅडमसारखं बोला हो. सगळं लिहिता येतं!"

*

आता संतोषचा किस्सा.

संतोष आप्पांच्याच वर्गात घडलेला. त्याला पहिला दावा मिळाला तो एका म्हातारीचा. भावकीनं तिच्या शेताचा रस्ता अडवलेला. संतोष कागद घेऊन उत्साहानं आप्पांकडं आला.

"एक अक्षर बोलू नको!" आप्पा म्हणाले. "समोरच्याचं वकीलपत्र माझं हाय."

संतोषचा चेहराच उतरला. विचारणार कुणाला?

आप्पांनी त्याचा दंड धरला आणि बाररूमच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं बापूसाहेब बसायचे. तोडीस तोड वकील, पण वकील संघाच्या एका निवडणुकीपासून दोघांचं बोलणं बंद.

"ह्याला शिकवा," आप्पा म्हणाले. "माझ्याविरुद्ध शिकवायचंय."

बापूसाहेबांनी चष्मा काढला. "आनंदानं!"

दावा चालला. आप्पांनी हात राखून काही केलं नाही, आपल्या पक्षकारासाठी जीव तोडून भांडले. पण संतोष जिंकला. म्हातारीला रस्ता मिळाला. कोर्टाच्या दारातच तिनं संतोषच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

आप्पा तडक बापूसाहेबांच्या टेबलाशी गेले.

"पोराला जरा जास्तच शिकवलंत!"

"मी कुठं काय शिकवलं?" बापूसाहेब म्हणाले. "तुम्ही कुठं कुठं चुकता, तेवढं सांगितलं."

आप्पांनी खुर्ची ओढली, बसले, आणि म्हणाले, "आता मलाबी सांगा."